ठरावाविना वळलेला पक्ष

जून १९८९ मध्ये हिमाचलातल्या पालमपूरला भारतीय जनता पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने रामजन्मभूमीच्या मागणीला पाठिंबा देणारा ठराव केला. तो कुणाला पटला, कुणाला नाही. पण पक्ष त्या दिवशी वळला आणि आपण वळलो हे त्याने लिहून दिलं. त्याआधी १९८० ला स्थापनेच्या वेळी याच पक्षाने ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला होता. विजयाराजे शिंदे यांनी पक्षात राहूनच त्याला हरकत घेतली होती आणि ती हरकत सगळ्यांना माहीत होती. १९८४ ला लोकसभेत जेमतेम दोन जागा आल्या तेव्हा वाजपेयी अध्यक्ष होते. जनता पक्षात विलीन होणं चुकलं का, जनसंघ सोडून नवा पक्ष काढणं चुकलं का, इथपर्यंतचे प्रश्न त्यांनी पक्षासमोर ठेवले आणि एक कार्यगट बसवला. पुढे १९९८ ला आघाडीचं सरकार करायचं ठरलं, तेव्हा राममंदिर, ३७० आणि समान नागरी कायदा हे तिन्ही विषय बाजूला ठेवावे लागणार हेही झाकून ठेवलं नाही. मित्रपक्षांबरोबरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते विषय नव्हते आणि का नव्हते ते पक्षाचे नेते सभांमधून सांगत होते. जुन्या स्वयंसेवकांना ते झोंबलं. ते तसं बोललेही.

दिशा बदलणं या पक्षाला नवं नाही आणि मला त्यात काही गैरही वाटत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकाच जागी उभा राहणारा पक्ष राजकारणात नसतो, तो पुराणवस्तू संग्रहालयात असतो. माझी तक्रार निराळी आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून हा पक्ष जेवढा वळला तेवढा आधीच्या तीस वर्षांत वळला नसेल. कुणाशी सोयरीक करायची, कुणाला आत घ्यायचं, सरकारचा पैसा कसा वाटायचा, दुसऱ्यांच्या पक्षांचं काय करायचं, सगळंच बदललं. आणि यातल्या एकाही वळणाचा ठराव मला सापडत नाही. कुणी मांडला, कुणी अनुमोदन दिलं, कुणी विरोध केला, काहीच नाही.

आमच्या घरात मत पणतीला जायचं. म्हणजे जनसंघाला. वडिलांचा उजवेपणा फार तात्त्विक नव्हता. ऋण काढून सण करू नये, शब्द दिला तर पाळावा, संस्थेला घटना असेल तर तिच्याप्रमाणे चालावं आणि सरकारने आपल्या घरात फार डोकावू नये, इतकाच. पुण्यातल्या अशा शेकडो घरांना जनसंघ आपला वाटला, कारण त्याची माणसं तशी वागत. रामभाऊ म्हाळगी आमदार असताना वर्षभरात काय केलं याचा अहवाल छापून मतदारांना देत. मागायला कुणी गेलेलं नसे. त्यांनाच ते द्यावंसं वाटे. निवडून आलेला माणूस मतदाराला हिशेब देणं लागतो, ही गोष्ट आमच्यासारख्यांनी त्या अहवालांतून शिकली.

तो काळ सोन्याचा होता असं मात्र कुणी सांगू नये. एन्रॉन कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवू म्हणून १९९५ ला मतं मागितली, करार रद्दही केला, आणि काही महिन्यांत नव्या अटींवर तोच प्रकल्प परत आणला. मे १९९६ मध्ये वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार जाता जाता त्याच प्रकल्पाची प्रतिहमी, म्हणजे राज्याने पैसे थकवले तर केंद्र देईल ही हमी, मंजूर करून गेलं. म्हणजे शब्द फिरवण्याचा शोध काही कालपरवा लागलेला नाही. पण तेव्हा निदान नव्या अटी काय, दर किती कमी झाला, यावर सरकार तासन्‌तास बोलत होतं. ते पटलं नाही तरी वाद घालायला काहीतरी हातात होतं.

आता सिंचनाचं घ्या. २०१२ पासून २०१४ पर्यंत विरोधी बाकांवरच्या भाजपने सिंचनातला कथित घोटाळा लावून धरला. बैलगाडीभर पुरावे हा शब्दप्रयोग तेव्हाचाच. अजित पवारांना तुरुंगात चक्की पिसायला लावू, हे वाक्य फडणवीसांच्या सभेत टाळ्या घेत होतं. राष्ट्रवादीशी कधीही युती नाही, असं इंग्रजीत एकच शब्द तीनदा लिहून त्यांनी ट्विटरवर जाहीर केलं. पंतप्रधानांनी प्रचारात राष्ट्रवादीच्या इंग्रजी आद्याक्षरांची ‘नॅचरली करप्ट पार्टी’ अशी फोड करून सांगितली. आमच्यासारख्यांनी हे सगळं खरं मानून मत दिलं. त्यानंतर १२ नोव्हेंबर २०१४ ला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने पार पडला, तेव्हा राष्ट्रवादीने बाहेरून देऊ केलेला पाठिंबा हवेत होता. २३ नोव्हेंबर २०१९ ला लोक दात घासत असताना राष्ट्रपती राजवट उठली आणि शपथविधी झाला. ते सरकार ऐंशी तास टिकलं. पुढे २७ जून २०२३ ला भोपाळमध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रवादीवरच्या सुमारे ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांच्या आरोपांची उजळणी केली, आणि २ जुलैला अजित पवार आणि त्यांचे आठ सहकारी राजभवनात शपथ घेत होते. मधे पाच दिवस.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सिंचनाच्या त्या आरोपांतून अजित पवारांवर काहीही सिद्ध झालं नाही. २०१९ च्या डिसेंबरात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन त्यांचा सहभाग नसल्याचं सांगितलं. ठीक. मग पक्षासमोर दोनच रस्ते उरतात. आरोप खोटे होते, तर ज्याच्यावर ते केले त्याची आणि ज्यांना ते सांगून मतं घेतली त्या आमची, दोघांचीही माफी मागा. आरोप खरे होते, तर तपास पुढे न्या. पक्षाने तिसराच रस्ता काढला, विषय बंद करण्याचा. बैलगाडीचं काय झालं हे विचारणारा पक्षद्रोही ठरू लागला.

काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या वेळी तर एवढीही सवड ठेवली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने यूपीए काळावर श्वेतपत्रिका काढली, तिच्यात चव्हाणांवर आरोप झालेल्या ‘आदर्श’ सोसायटी घोटाळ्याचा उल्लेख होता. आठवडा व्हायच्या आत चव्हाण भाजपमध्ये आले आणि लगेच राज्यसभेवर गेले. उच्च न्यायालयाने २०१७ मध्येच त्यांच्यावरच्या खटल्याची परवानगी रद्द केली होती, हे खरं. पण मग श्वेतपत्रिकेत ते प्रकरण कशाला? एप्रिल २०२४ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ने मोजदाद छापली की, चौकशीच्या फेऱ्यात असताना २०१४ नंतर भाजपकडे आलेल्या २५ विरोधी नेत्यांपैकी २३ जणांना दिलासा मिळाला आहे. काँग्रेसमधून आलेले हर्षवर्धन पाटील तर २०२१ ला मावळात व्यासपीठावरूनच बोलून गेले की भाजपमध्ये आल्यापासून शांत झोप लागते, चौकशी वगैरे काही नाही. माणूस विनोदाने बोलला असेल, पण सभेत हशा पिकला तो उगाच नाही.

सगळ्यात लागणारी गोष्ट मात्र पक्षफुटीची आहे, आणि तिचा इतिहास भाजपच्याच लोकांना विसरायला झालाय म्हणून जरा सविस्तर सांगतो. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा. त्यात एक पळवाट होती. विधिमंडळ पक्षाचे एक तृतीयांश लोक बाहेर पडले तर ती ‘फूट’ मानली जाई आणि आमदारकी वाचे. या पळवाटेचा फायदा सगळ्यांनीच घेतला, भाजपनेही. उत्तर प्रदेशात १९९७ ला कल्याणसिंहांनी फुटून आलेल्या प्रत्येकाला सामावून घेता घेता ९३ मंत्र्यांचं मंत्रिमंडळ केलं होतं. ही पळवाट बुजवली कुणी? वाजपेयींच्या सरकारने. २००३ ची ९१ वी घटनादुरुस्ती. फुटीचं संरक्षण काढून टाकलं, मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधली. सत्तेत असताना स्वतःच्या सोयीची पळवाट स्वतःच बुजवणं, उजव्या पक्षाने देशाला दिलेली याहून चांगली भेट मला तरी आठवत नाही. याच वाजपेयींनी मे १९९६ मध्ये लोकसभेत सांगितलं होतं की पक्ष फोडून सत्ता मिळत असेल तर तिला चिमट्यानेही शिवणार नाही. दुरुस्ती म्हणजे त्या वाक्याचा कायदा होता.

आणि मग २०२२ चा जून. सुरत, गुवाहाटी, गोवा. फूट कायद्यात उरलेलीच नाही, म्हणून शिवसेनेतून फुटलेला एकनाथ शिंदेंचा गट म्हणाला आम्हीच मूळ पक्ष. वर्षभराने राष्ट्रवादीत तेच. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं असं म्हटलं. उद्धव ठाकरेंनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे ते सरकार परत येऊ शकलं नाही, एवढंच. जानेवारी २०२४ ला विधानसभाध्यक्षांनी निकाल दिला. शिंदेंचा पक्ष हाच खरा, आणि अपात्र कुणीच नाही. वाजपेयींनी दाराला घातलेली कडी अशी न तोडता निघाली. कायदेपंडित यावर आणखी बरीच वर्षं भांडतील. मला इतकंच दिसतं की २००३ मध्ये पक्षाची एक भूमिका होती आणि २०२२ मध्ये बरोबर उलटी होती, आणि मधल्या काळात ‘आम्ही ती भूमिका सोडली’ असं कुणीही, कुठेही म्हणालेलं नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं की सुरुवात कुणी केली? हे उत्तर पोकळ नाही. २०१९ ला युती म्हणून मतं मागितली, १०५ आणि ५६ अशा १६१ जागा आल्या, आणि शिवसेना काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर गेली. ती मतदाराची फसवणूक होती, आणि त्यावर भाजपच्या मतदाराचा संताप रास्त होता. पण त्याचा अर्थ काय होतो ते बघा. ज्यांच्याविरुद्ध मत मागितलं त्यांच्याबरोबरच सत्तेत जाणं हा गुन्हा असेल, तर २ जुलै २०२३ ला त्याच कलमाखाली भाजपही येतो. मोजपट्टी एकच ठेवली तर दोघंही नापास, आणि दोन मोजपट्ट्या ठेवायच्या असतील तर तत्त्वाच्या गोष्टी सांगू नयेत.

हे सगळं कागदावर वाचणं वेगळं आणि मतदान केंद्राबाहेर बघणं वेगळं. खडकवासला विधानसभा मतदारसंघ पुणे शहराला लागून, बराचसा शहरातच. पण लोकसभेला तो बारामतीत मोडतो. सिंहगड रस्ता, धायरी, वारजे इथल्या सोसायट्यांमधला भाजपचा मतदार दर निवडणुकीला पवारांविरुद्ध मत द्यायला बाहेर पडायचा. २०१४ ला कमळ नव्हतं, महादेव जानकर होते, तरी दिलं. २०१९ ला कांचन कुल कमळावर होत्या, त्यांना इथून भरघोस आघाडी मिळाली. ७ मे २०२४ ला यंत्रावर पुन्हा कमळ नव्हतं. उमेदवार अजित पवारांच्या पत्नी सुनेत्रा पवार, चिन्ह राष्ट्रवादीचं घड्याळ.

त्या दिवशी आमच्या केंद्राजवळ पक्षाचं टेबल होतं. उन्हाला आडोसा म्हणून बांधलेलं कापड, पाण्याचे जार, मतदार यादीची पानं आणि पेन्सिलीने टिक करणारा एक पन्नाप्रमुख, म्हणजे यादीच्या एका पानावरच्या मतदारांची जबाबदारी असलेला कार्यकर्ता. गळ्यात उपरणं. माणूस चांगला, वीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचललेला. समोर आमच्याच सोसायटीतल्या एक काकू. चिठ्ठी हातात देत तो हळूच म्हणाला, “काकू, यंदा घड्याळ बरं का. मोदींसाठीच आहे.”

“घड्याळ? अरे, गेल्या वेळेला तूच सांगत होतास ना, घड्याळाचे बारा वाजवायचे म्हणून?”

“हो, पण आता वरून आलंय काकू.”

“कुणी ठरवलं वर?”

त्याला ते माहीत नव्हतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. फक्त निरोप आला होता. काकू आत गेल्या आणि बहुधा घड्याळच दाबून आल्या, कारण निकालात शरद पवारांच्या पक्षाच्या सुप्रिया सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी जिंकल्या तरी खडकवासल्यात मात्र घड्याळ पुढे होतं. वर बसलेल्यांनी यातून काय घेतलं असेल? हा मतदार कुठलंही बटण दाबतो, असंच.

राज्यभर मात्र सगळ्यांनी असं दाबलं नाही. भाजपने २८ जागा लढवल्या आणि ९ जिंकल्या. आधी २३ होत्या. संघविचाराच्या ‘ऑर्गनायझर’मध्येही तेव्हा अजित पवारांना बरोबर घेण्याची गरज काय होती, असं छापून आलं. मला वाटलं होतं, आता तरी पक्षात बसून कुणीतरी हे बोलेल. पाच महिन्यांनी विधानसभेत १३२ जागा आल्या आणि ती चर्चा संपली. लोकांनी मान्य केलं ना, मग आता काय, असं तोंडावर सांगतात.

मी त्या १३२ चाच हिशेब मांडतो. सभागृह २८८ चं, बहुमताला १४५. भाजपचे १३२ आणि शिंदेंचे ५७ मिळून १८९ होतात. म्हणजे नोव्हेंबर २०२४ नंतर तिसऱ्या पक्षाची गणिताला गरजच नव्हती. तोवर ‘नाइलाज होता’, ‘आपद्धर्म होता’ असं म्हणता येत होतं. आपत्ती टळल्यावरही तीच व्यवस्था चालू राहिली, याचा अर्थ ती आता सवय आहे किंवा धोरण आहे. धोरण असेल तर त्याला काही नाव, काही कारण, काही कागद हवा.

पैशाचंही तसंच. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनाला पंतप्रधानांनी ‘रेवडी’ वाटण्याच्या राजकारणावर टीका केली. माझ्यासारख्या ऋण काढून सण न करणाऱ्याला ती फार आवडली होती. दोन वर्षांत महाराष्ट्रात लाडकी बहीण आली, महिना १,५०० रुपये, आणि निवडणुकीला २,१०० चं आश्वासन. घरकाम करणाऱ्या बाईच्या हातात थेट पैसे पडले याचं मला वाईट वाटत नाही. उलट शंभर योजनांच्या गळतीपेक्षा हे बरं, असा उजवा युक्तिवादही करता येतो. पण तो पक्षाने केला नाही. रेवडीवरची टीका मागेही घेतली नाही. निवडणुकीआधी अर्ज झटपट मंजूर झाले, आणि निवडणूक होऊन गेल्यावर २०२५ ला सरकारनेच २६ लाखांच्या वर लाभार्थी अपात्र दिसत असल्याचं सांगितलं. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी आणि कर्जाचा डोंगर ९ लाख ३२ हजार कोटींचा. २,१०० त्यात नव्हते. काटकसरीच्या बाजूने बोलणारा पक्ष विधानसभेत आता कोणता, हे मला कुणी सांगावं.

शेवटी गाडी येते ती ‘मग काय, त्यांना मत देणार का?’ या प्रश्नावर. हा प्रश्न आमच्यासारख्यांच्या तोंडावर फेकला की आम्ही गप्प होतो, हे पक्षाला पक्कं ठाऊक आहे. बाकीचे पक्ष आमचे नाहीत, हे खरंच. म्हणूनच हा प्रश्न म्हणजे आमच्या सगळ्या हरकतींना लावलेलं कुलूप आहे. मार्च २०२३ मध्ये कसब्याने ते उघडून बघितलं. १९९५ पासून गिरीश बापटांनी बांधलेला मतदारसंघ काँग्रेसकडे गेला, सुमारे ११ हजार मतांनी. आजारी बापट नाकात नळी घालून प्रचाराला आले होते, तरीही. दीड वर्षाने पक्षाने कसबा परत जिंकला, आणि २०२३ ला तिथे निवडून आलेले काँग्रेसचे रवींद्र धंगेकर पुढे शिंदेंच्या शिवसेनेत, म्हणजे महायुतीतच, आले. मतदाराने रागावून दुसरीकडे टाकलेलं मतही फिरून तिथेच पोचतं, अशी ही सोय.

नोटाचंही, म्हणजे ‘यापैकी कुणीही नको’ या बटणाचंही, महाराष्ट्राने करून पाहिलंय. २०१९ ला लातूर ग्रामीणची जागा भाजपऐवजी शिवसेनेला सुटली, आणि तिथे नोटा २७ हजारांच्या वर मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. निवडून आले ते काँग्रेसचे धीरज देशमुख, लाखाच्या वर मताधिक्याने. नोटाला आमदार होता येत नाही आणि नोटाने कुणाला स्पष्टीकरणही द्यावं लागत नाही.

त्यामुळे मी नोटा दाबणार नाही. घरीही बसणार नाही. गेल्या पाच वर्षांत दुसऱ्या पक्षातून उचलून आणलेल्या उमेदवाराला, चिन्ह कमळ असलं तरी, माझं मत नाही. कमळाऐवजी दुसरं चिन्ह दाबायला ‘वरून आलंय’ असा निरोप आला, तर वर कुणी आणि का ठरवलं ते कागदावर मिळाल्याशिवाय नाही. पक्षाचा जुना माणूस उभा असेल तर त्याला, पण म्हाळगींसारखा छापील हिशेब तोही आधी देईल अशी अपेक्षा ठेवून. यात पक्षाचं एखाददुसऱ्या मताने काही बिघडणार नाही. आमच्या सोसायटीत दोन इमारती आहेत आणि असं ठरवलेली घरं आता दोनाहून जास्त आहेत. पन्नाप्रमुखाला ती कोणती ते माहीत आहे. त्याने यादीत तशी पेन्सिलीने खूणही केली आहे.